होनौनौला अनवाणी

डिसेंबर लागला की आमच्या सांता क्लारातल्या मराठी घरांत दोनच प्रश्न फिरायला लागतात. इंडियाला कोण जातंय, आणि हवाईला कोण जातंय. पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का ताजा असेल तर माणूस पहिल्या यादीत, संपला असेल तर दुसऱ्या. इथं राहायला आणि नोकरी करायला त्या शिक्क्यावाचून अडत नाही. पण एकदा का देशाबाहेर पाऊल टाकलं, की परत येताना तो लागतो. तो मिळतो मुंबईला, आणि तिथली तारीख कधी पंधरा दिवसांनी मिळते तर कधी पाच महिन्यांनी. याला आम्ही स्टॅम्पिंग म्हणतो. घरात लग्न निघो, आजारपण निघो, आधी स्टॅम्पिंगचं काय ते बघतो. म्हणून हवाई. तिथं नारळ आहेत, केळी आहेत, अंगाला चिकट घाम येतो, आणि परत येताना कोणी व्हिसा विचारत नाही. शिवाय इंडियाला का गेला नाहीत, याचं उत्तर कोणाला द्यावं लागत नाही.

मी हवाईच्या मोठ्या बेटावर तीनदा जाऊन आलेय, त्यामुळे सल्ला मलाच विचारतात. आणि मी देते. सल्ला द्यायला मला आयुष्यात कधी संकोच वाटलेला नाही. काल मागच्या रस्त्यावरच्या मेघनाचा फोन आला. पुण्याची मुलगी, नवीन लग्न, अमेरिकेतला पहिलाच डिसेंबर. "मीनलताई, तिकिटं बुक केली यार, आता नक्की काय काय बघायचं?" मी म्हटलं, लिहून घे. व्हेल बघायला पहिल्याच दिवशी बोटीच्या मागे लागू नकोस. कोहालाच्या किनाऱ्यावर रस्त्याच्या कडेला गाडी थांबव आणि पाण्याकडे बघत बस, दिसतातच. ज्वालामुखीला जाताना स्वेटर घे, वर गारठा असतो आणि सगळी जनता हाफ पँटवर कुडकुडत असते. नेने नावाचे रानहंस रस्त्यात आडवे आले तर थांबायचं, खायला काही घालायचं नाही. कासवांपासून लांब उभं राहायचं. आणि होनौनौला अर्धा दिवस ठेव.

"पण ताई, ते तर शीटमध्ये स्किप म्हणून लिहिलंय."

ही शीट आम्हा सगळ्यांकडे आहे. अमेरिकेतल्याच अल्फारेटा गावच्या कुठल्याशा हौशी मराठी कुटुंबानं कधीकाळी एक्सेलमध्ये हवाईचा कार्यक्रम आखला, तो फ्रिस्को गावातल्या मराठी लोकांकडे गेला, तिथून आमच्याकडे आला, आणि प्रत्येकानं त्यात आपापली भर घातली. कुठल्या दुकानात कोथिंबीर मिळते, कुठल्या धबधब्याजवळचं बाथरूम स्वच्छ आहे, भाड्याच्या घरात फोडणी करण्याआधी कुठली खिडकी उघडायची म्हणजे स्मोक अलार्म बोंबलत नाही, सगळं आहे त्यात. होनौनौच्या रकान्यात लिहिलंय, ‘जुनं देवस्थान. मोठी दगडी भिंत. ऊन फार. फोटो बरे येतात. वेळ नसेल तर स्किप.’ मेघनाला मी एवढंच म्हटलं, की स्किप करायचं नाही. कारण सांगायला फोन पुरला नसता, म्हणून आज हे लिहायला बसले.

तीन हिवाळ्यांपूर्वी दादा आमच्याकडे आला होता. माझा सख्खा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा, नागपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. जंगलाचं वेड इतकं, की मे महिन्याच्या उन्हात ताडोब्याला जाऊन वाघाची वाट बघत बसतो आणि आल्यावर आठ दिवस त्याच्याच गोष्टी सांगतो. वहिनीला रजा मिळाली नाही म्हणून एकटाच आला. विमानतळावर मला बघून हसला. मी त्याच्या बॅगेला हात घातला तर म्हणाला, "राहू दे, तुला त्रास नको." 

दादा असा नव्हता. मी अमेरिकेत आल्यापासून तो मला हुकूम सोडत आला होता. मीनू, येताना दुर्बीण घेऊन ये, चांगली बघून आण. मीनू, या महिन्यात फोन नाही केला, झोपली होती का? मीनू, तुझ्या वहिनीला तू समजाव, माझं ऐकत नाही ती. बाबा गेले आणि हे सगळं थांबलं. रविवारचा फोन चुकायचा नाही. तो नीट बोलायचा, माझ्या लेकीचा, इराचा अभ्यास विचारायचा, आणि मी काही पाठवू का म्हटलं की म्हणायचा, "काही नको. तुम्ही आपलं सांभाळा." भांडला असता तर मीही भांडले असते, भांडणात मी कोणाला हार जात नाही. पण या ‘काही नको’चं काय करायचं ते मला कळत नव्हतं. मला माझा हुकूम सोडणारा दादा परत हवा होता. म्हणून मी एक्सेल उघडलं आणि त्याच्यासाठी सात दिवसांचं हवाई आखलं. मला दुसरं काय येतं?

बाबा गेले त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. झोपेतच गेले. दादाचा फोन आला तेव्हा इथं संध्याकाळ होती, मी कणीक मळत होते. माझं स्टॅम्पिंग संपलेलं होतं. मी वकिलाला फोन केला आणि अर्ध्या तासानं दादाला कळवलं, "वकील नाही म्हणतोय रे. गेले तर परत येता येणार नाही." दादा म्हणाला, "बरं." मग त्याच्या शाळेतल्या कोणीतरी स्मशानघाटावर फोन धरला, आणि मी ते सगळं स्वयंपाकघराच्या ओट्यावर टेकवलेल्या स्क्रीनवर बघितलं. मध्येच चित्र अडकलं. दादाचा पाठमोरा खांदा तेवढा किती तरी वेळ दिसत राहिला. इथं सगळ्यांनी समजून घेतलं. मंडळातल्या काकू पिठलं-भात ठेवून गेल्या, म्हणाल्या, व्हिसाचं असंच असतं बाई, आमच्या वेळीही असंच होतं. व्हिसा म्हटलं, की आमच्यात पुढं कोणी काही विचारत नाही.

आणि मी खोटं बोलले होते. वकील नाही म्हणालाच नव्हता. तो म्हणाला होता, तातडीची तारीख मागता येते, तीन आठवड्यांत काम होईल किंवा चार महिने लागतील, काय करायचं ते तुम्ही ठरवा. माझ्या हाताखाली नवीन टीम आली होती, इराची शाळा होती, ग्रीन कार्डाचा अर्ज रांगेत होता. समीर, माझा नवरा, म्हणाला, "तू जा, मी बघतो इथलं." मी अर्धा तास विचार केला आणि ठरवलं, जायचं नाही. त्या अर्ध्या तासाबद्दल दादाला काही माहीत नाही, असं मी धरून चालले होते.

आज इथं पाऊस पडून गेलाय. मागच्या अंगणातलं लिंबाचं झाड पिवळं झालंय, खाडीपलीकडच्या डोंगरांना हिरवा रंग चढायला लागलाय. याच दिवसांत व्हेल अलास्काहून निघून हवाईला पोचलेले असतात. एवढं मोठं जनावर, आणि सगळा जन्म दोन गावांत काढतं. उन्हाळ्यात पोट भरायला थंड पाण्यात, हिवाळ्यात बाळंतपणाला कोमट पाण्यात. आई सगळा हिवाळा काही खात नाही, पिल्लाला दूध पाजते आणि उपाशीपोटीच परत निघते. हे मला दादानं सांगितलं, पहिल्याच दिवशी, गाडीत. मी तोवर दोनदा जाऊन आले होते, पण व्हेल बाई काय जेवते हा प्रश्न मला पडला नव्हता.

कावाइहायेच्या टेकडीवर एक जुनं दगडी देवालय आहे, चुन्यामातीशिवाय नुसतं दगडावर दगड ठेवून रचलेलं. आत जाता येत नाही, खालून बघायचं. असं सांगतात की त्याचे दगड लांबच्या खोऱ्यातून आले, माणसांची रांग लावून, हातोहात. दादा मान वर करून बराच वेळ बघत राहिला. "म्हणजे रांगेत एक माणूस आला नाही, तर बाजूच्याला दोन पावलं जास्त चालावं लागत असेल," तो म्हणाला. वर्गात शिकवावं तसं, इराला उद्देशून. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होते, ते लावतच राहिले.

तेवढ्यात इरानं समुद्राकडे हात केला. "मामा, देअर." निळ्या पाण्यावर पांढरा फवारा दिसला, मग काळी पाठ, मग काही नाही. आणि मग ते अख्खं धूड हवेत आलं आणि आवाज आमच्यापर्यंत पोचायच्या आत खाली गेलंसुद्धा. दादाच्या तोंडून ‘माय’ एवढंच निघालं. थोड्या वेळानं म्हणाला, "वाघासाठी तीन तीन दिवस बसावं लागते. हा तर बापा स्वतःहून दाखवून राहिला." समीर म्हणाला, "यांचं बरंय, दरवर्षी ये-जा. स्टॅम्पिंग नाही, काही नाही." तो सहज बोलला. दादा हसला नाही, मीही हसले नाही. समीरच्या लक्षात आलं आणि तो गाडी आणायला गेला.

भाड्याच्या घरात सकाळी पोहे करायचे ठरले. मी शीटमध्ये वाचलेलं असूनही खिडकी उघडायला विसरले, मोहरी तडतडली आणि अलार्मनं सगळी आळी गोळा केली. शेजारचा म्हातारा पाण्याचा पाइप घेऊनच आला. दादानं त्याला बसवून बशीभर पोहे दिले, वर खोबरं-कोथिंबीर घालून, आणि तो खाऊन गेला. एरवी या प्रकारावर दादानं मला दिवसभर छळलं असतं. त्या दिवशी तो कढई घासायला लागला, आणि मी सोड म्हटलं तर म्हणाला, "तू दमली असशील." पाहुणा असावा तर असा. पण मला पाहुणा नको होता.

ज्वालामुखीच्या उद्यानात, समुद्राकडे उतरणाऱ्या थिजलेल्या लाव्हावर, जुन्या लोकांनी कोरलेली चित्रं आहेत. शीट म्हणते, ‘वॉक लांब, सावली नाही’, आणि ते खरं आहे. माणसं आहेत, वर्तुळं आहेत, पण सगळ्यात जास्त आहेत ते लिंबाएवढे खळगे. पाटी वाचून दादा थबकला. बाळ जन्मलं, की त्याच्या नाळेचा तुकडा आणून लोक या खळग्यात ठेवत, म्हणजे बाळाला मोठं आयुष्य मिळे. आपल्याकडेही पुरतातच की. अजूनही कोणी एखाद्या गावाला चिकटून बसलं तर आपण विचारतो, तुझी काय नाळ पुरलीय का तिथं?

इरानं विचारलं, "मामा, व्हेअर इज मॉम्स?"

"तुझ्या आईची? वर्ध्याला, आजोळच्या घरामागे, सीताफळाच्या झाडाखाली. मी होतो ना. बाबा खणून राहिले होते, मी वरून पाणी टाकलं."

"अँड माइन?" ती माझ्याकडे बघत होती. हिची नाळ इथल्या हॉस्पिटलात कुठल्या पिशवीतून कुठं गेली, ते मी कधी विचारलंही नाही. तसंच सांगितलं. ती म्हणाली, "दॅट्स सॅड, बट ओके," आणि पुढं चालायला लागली. माणूस कुठला हे नाळेच्या जागेवरून ठरतं, असं मी मानत नाही. वर्ध्याचं ते घर विकलं, सीताफळही आता नसेल. माझ्या मनात राहिलं ते दुसरंच. मी जगात आले त्या आठवड्यात दादा सात वर्षांचा होता आणि पाण्याचा तांब्या घेऊन तिथं उभा होता. माझ्या प्रत्येक गोष्टीला तो असा उभा राहिलेला आहे. ॲडमिशनला, लग्नाला, अमेरिकेच्या पहिल्या विमानाला. त्या काळ्या दगडांवरून परत येताना मी गप्प होते, आणि मी गप्प असले की आमच्या घरातले घाबरतात. समीरनं दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का.

दुसऱ्या दिवशी समुद्रावर इरा पाण्याखाली डोकं घालून वर आली आणि म्हणाली, "मामा, आय कॅन हिअर देम." नर व्हेल गातात, आणि त्या दिवसांत ते गाणं पाण्यातून लांबवर ऐकू येतं. दादाला पोहता येत नाही. त्यानं पँट दुमडली, मग भिजली तर भिजली म्हणत कमरेएवढ्या पाण्यात गेला, चष्मा इराच्या हातात दिला आणि नाक धरून डोकं बुडवलं. तिसऱ्या वेळी बराच वेळ वर आला नाही. मी वाळूवरून उठलेच होते. वर आला तो तोंडभर हसत. "जुना दरवाजा करकरावा तसं काहीतरी आहे," तो म्हणाला, "मध्येच कोणी लांबून हाक मारून राहिलं असं वाटते." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू पण ऐक."

दोन वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा काहीतरी करायला सांगितलं होतं. मी अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात गेले. नाकातोंडात खारट पाणी गेलं, पण तो आवाज खरंच होता, आणि कुठून येतोय ते कळत नव्हतं. "ऐकलं," मी वर येऊन म्हटलं. "छान," तो म्हणाला, आणि टॉवेल माझ्या हातात देताना पुन्हा तो पाहुणा झाला.

होनौनौ शेवटच्या दिवशी आलं. खरं तर येणारच नव्हतं, संध्याकाळचं विमान होतं. पण दादानं नकाशावर बोट ठेवून विचारलं, "ही भिंत कशाची आहे?" आणि मी गाडी वळवली.

कोना गावाच्या दक्षिणेला लाव्हाचा एक सपाट पट्टा समुद्रात शिरलाय, त्यावर ही जागा आहे. भिंत माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढी उंच आणि एखाद्या खोलीएवढी जाड, आणि दगडांमध्ये कुठं चुना नाही. भिंतीच्या टोकाशी गवतानं शाकारलेलं देवालय आहे, त्यात पूर्वी सरदारांच्या अस्थी ठेवत. बाहेर लाकडाचे उग्र देव उभे आहेत. खाडीच्या वाळूत दोन कासवं निवांत पडलेली होती. समीर आणि इरा त्यांच्याकडे बघत थांबले, आणि आम्ही दोघं झाडाखाली गेलो. तिथं एक वयस्कर रेंजरबाई लोकांना माहिती सांगत होत्या.

पूर्वीच्या काळी इथले नियम फार कडक, त्या म्हणाल्या. राजाच्या सावलीवर पाऊल पडलं तर मरण. बाईनं केळं खाल्लं तर मरण. बायका-पुरुष एका ठिकाणी जेवले तर मरण. दादा हळूच म्हणाला, "आपल्या आत्याला इथं लगेच नोकरी लागली असती." आत्याच्या सोवळ्यानं आमच्या घरात भल्याभल्यांना रडवलं होतं. मी फिसकन हसले, तोही हसला. बाई पुढं सांगायला लागल्या. पण एक वाट ठेवलेली होती. नियम मोडलेला माणूस धावत, पोहत, मागे लागलेल्यांना चुकवत या भिंतीच्या आत पोचला, की त्याला कोणी हात लावायचा नाही. पुजारी विधी करायचा आणि तो सुटायचा. घरी जाऊन पूर्वीसारखा राहू शकायचा. फक्त इथपर्यंत त्याचं त्यानं यायचं.

भिंतीपाशी दादा थांबला, बूट काढले, मोजे आत कोंबले आणि जोड नीट कडेला ठेवला. दुसऱ्या कोणीही काढले नव्हते. तिथं तसा नियम नाही. उलट दगड धारदार आहेत, पायात जाड तळाचं घाला, असं बाईंनी दोनदा सांगितलं होतं.

"दादा, दगड तापलेत. भर दुपार आहे."

"देवाची जागा आहे. अस्थी होत्या इथं," तो म्हणाला, आणि चालायला लागला.

वीसेक पावलं ऐटीत गेला. मग त्याचा वेग वाढला. मग तो काळ्या दगडांच्या मधोमध अडकला, एकदा हा पाय उचलतोय, एकदा तो, पुढंही सावली नाही आणि मागंही नाही. एक गोरं जोडपं काळजीनं बघायला लागलं. मी त्याचे बूट उचलले आणि धावले. माझ्या पायात माझे जाडजूड शूज होते, मला काही झालं नाही. तो भाजत होता आणि मला काही होत नव्हतं, हे मला त्या क्षणी सहन झालं नाही. "घाल बूट," मी म्हटलं. "आता इथवर आलो तर पाण्यापर्यंत जातो," तो म्हणाला, आणि दात आवळून गेला. कडेला समुद्राचं पाणी साचून खळगे झालेले आहेत. तिथं बसून त्यानं पाय पाण्यात सोडले. दोन्ही तळवे लाल झाले होते, एका टाचेवर फोड. मीही शूज काढले आणि शेजारी बसून पाय सोडले. पाण्यात बोटाएवढे काळे मासे होते, ते आधी पळाले आणि मग परत आले.

"दादा," मी म्हटलं, "वकील नाही म्हणाला नव्हता."

ऑफिसात वाईट बातमी द्यायची असली, की मी आधी कारणं मांडते आणि मग बातमी. इथं बातमीच आधी निघाली, आणि कारणं एकही सुचेना.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"कसं?"

"आमच्या शाळेतल्या एका सरांची आई गेली, त्याच महिन्यात. त्यांचा भाऊ फ्रिस्कोहून आला. त्याचंही शिक्क्याचं तुझ्यासारखंच होतं. तीन महिने अडकला इकडे, पण आला. मी त्याला विचारलं, वकील लोक नाही म्हणतात का? तो म्हणे, नाही नाही म्हणत, तुम्ही ठरवा म्हणतात."

"मग तू इतके दिवस बोलला का नाहीस?"

"काय बोलू? घाटावर सगळे विचारत होते, मीनू नाही आली? मी सांगत होतो, वकील नाही म्हणाला. नंतर खरं कळलं, तरी तेच सांगत राहिलो. तुझ्यासाठी मी पण खोटं बोलून राहिलो होतो."

मला रडू आलं. मी ते आवरलं नाही. "बाबांना काय वाटलं असेल, हे रोज मनात येतं," मी म्हटलं.

तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. तो चिडला होता. "बाबांचं काय घेऊन बसली? बाबा तर गेले होते. त्यांना काय फरक पडत होता? मी होतो ना तिथं. घर भरून माणसं होती, तेरा दिवस मी सगळ्यांना चहा विचारून राहिलो होतो. तुझी वहिनी होती, पण तिचे ते सासरे. बाप आपल्या दोघांचाच होता. माझ्या बाजूला बसायला कोणी नव्हतं. तू माझ्यासाठी यायचं होतं, मीनू."

सांगते, हे मला दोन वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. मी हुशार बाई आहे, पुढचं पाऊल मला आधी दिसतं असं सगळे म्हणतात. मी बाबांच्या फोटोसमोर दिवा लावून माफी मागत बसले होते, आणि ज्याची मागायला हवी होती तो दर रविवारी फोनच्या पलीकडे होता. "चुकले मी," मी म्हटलं. त्यावर तो ठीक आहे म्हणाला नाही, जाऊ दे म्हणाला नाही. बाईंच्या गोष्टीतल्या पुजाऱ्याचं सोपं होतं, त्याचं स्वतःचं काही गेलेलं नसायचं. ज्याचं गेलं, त्याला वेळ लागतो. तो त्यानं हवा तेवढा घ्यावा, असं मी तिथंच ठरवलं, आणि त्याला पुन्हा कधी छेडलं नाही.

परत निघताना फोडामुळे त्याला बूट चढेनात. मी माझे मोजे त्याच्या पायांत चढवले, गुलाबी, फुलाफुलांचे. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मग सगळा भार टाकला. दादा चांगला जाडजूड आहे. वाटेत तीनदा थांबलो. भिंतीपाशी इरा आमच्याकडे बघून म्हणाली, "व्हॉट हॅपन्ड टू यू गाइज?" दादा म्हणाला, "तुझ्या आईला विचार." विमान आम्ही गाठलं, कसंबसं.

त्यानंतर लगेच सगळं पूर्वीसारखं झालं, असं मेघनाला मी सांगणार नाही. रविवारचे फोन चालू राहिले. त्यात कधी तो माझ्यावर खेकसायचा, कधी परत ‘काही नको’ म्हणायचा. मी दोन्ही ऐकून घेत होते. खेकसला की त्या दिवशी माझा स्वयंपाक चांगला व्हायचा, असं समीरचं म्हणणं आहे.

जानेवारीत मी नागपूरला जातेय. वहिनीच्या हृदयाची झडप बदलायचीय, तारीख ठरलीय. मधल्या काळात नव्यानं आणलेला माझा शिक्का या उन्हाळ्यात पुन्हा संपलाय. तिकीट आधी काढलं, वकिलाला ईमेल नंतर केली, आणि बॉसला त्याच्याही नंतर सांगितलं. परत कधी येता येईल ते माहीत नाही. तीन आठवडे लागतील किंवा चार महिने. इरा आणि समीर घर बघतील, टीम आपलं काम करेल. मला त्याची अजिबात काळजी वाटत नाही.

ऑपरेशन करायचंय हे आधीपासून माहीत होतं; मी येतेय हे मात्र दादाला तिकीट काढल्यावर सांगणार होते. त्याला माझ्या शिक्क्याचं माहीत होतं, मीच मागे बोलले होते. मागच्या रविवारी त्यानं फोनवर ऑपरेशनची तारीख सांगितली तेव्हा तिकीट अजून काढायचंच होतं. मी एवढंच विचारलं, किती वेळ चालेल म्हणतात डॉक्टर.

"पाच-सहा तास म्हणतात. ती तर बेशुद्ध राहील, बाहेर मला बसायचं आहे." मग म्हणाला, "तू कितीला उतरते, ते सांग."